भारताच्या राजभाषेचा प्रश्न

भारताच्या राजभाषेचा प्रश्न म्हणजे संघराज्याचा कारभार एका भाषेत चालावा, दोन भाषांत चालावा की त्याहून अधिक भाषांत, यासंबंधी संविधाननिर्मितीच्या काळापासून चालत आलेला वाद होय. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. इंग्रजीचा वापर मुळात केवळ पंधरा वर्षांसाठी, म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंत, चालू ठेवण्याची तरतूद होती. राजभाषा अधिनियम, १९६३ आणि त्याची १९६७ सालची दुरुस्ती यांमुळे ही मुदत व्यवहारात बेमुदत झाली. राज्यांना आपापली राजभाषा ठरविण्याचा स्वतंत्र अधिकार आहे. परिणामी भारत हा संविधानाच्या शब्दांत एका राजभाषेचा, केंद्रीय कारभारात दोन भाषांचा आणि राज्ये धरून पाहिल्यास अनेक राजभाषांचा देश ठरतो.

संज्ञा

या विषयावरील चर्चेत चार संज्ञांची सरमिसळ नेहमी होते. 'राजभाषा' म्हणजे शासनाच्या कामकाजाची भाषा. 'राष्ट्रभाषा' हा शब्द स्वातंत्र्यलढ्यात आणि हिंदी प्रचाराच्या चळवळीत रूढ झाला. संविधानात तो कोठेही नाही. हिंदी ही भारताची राष्ट्रभाषा आहे असे शालेय निबंधांतून व भाषणांतून सर्रास लिहिले-बोलले जात असले, तरी त्याला कायद्याचा आधार नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१० साली एका जनहित याचिकेत हीच बाब नोंदविली: बहुसंख्य लोक हिंदीला राष्ट्रभाषा मानतात, परंतु तसे घोषित करणारा कोणताही आदेश अभिलेखावर नाही.

'अनुसूचित भाषा' म्हणजे संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नमूद असलेली भाषा. या अनुसूचीत आरंभी १४ भाषा होत्या. १९६७ मध्ये सिंधी, १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी व नेपाळी आणि २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी यांची भर पडून ही संख्या २२ झाली. अनुसूचीत समावेश झाला म्हणजे ती भाषा संघराज्याची राजभाषा झाली असे नव्हे. 'अभिजात भाषा' हा दर्जा तर भाषेच्या प्राचीनतेशी व वाङ्मयपरंपरेशी निगडित आहे. मराठीला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. त्यामुळे केंद्रीय कार्यालयातील तिच्या स्थानात बदल झालेला नाही.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात वरिष्ठ प्रशासन, उच्च न्यायालये व विद्यापीठे यांत इंग्रजी स्थिरावली, तर कनिष्ठ न्यायालये व महसुली दप्तर यांत प्रादेशिक भाषा चालत राहिल्या. स्वातंत्र्यचळवळीला सर्व प्रांतांना जोडणाऱ्या भाषेची गरज भासू लागली. लोकमान्य टिळकांनी १९०५ साली काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत सर्व भारतीय भाषांसाठी देवनागरी लिपीचा पुरस्कार केला. महात्मा गांधींचा आग्रह हिंदुस्थानीचा, म्हणजे नागरी आणि फारसी अशा दोन्ही लिपींत लिहिल्या जाणाऱ्या बोलभाषेचा होता. १९१८ साली त्यांच्या पुढाकाराने मद्रासमध्ये हिंदी प्रचाराचे काम सुरू झाले. दुसरीकडे काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्यांची रचना भाषावार केली. एका जोडभाषेचा आग्रह आणि प्रत्येक भाषेला तिचा प्रांत, ही दोन्ही आश्वासने एकाच संघटनेने जवळजवळ एकाच काळात दिली होती, हे पुढील वाद समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते.

या वादाची पहिली ठिणगी मद्रास प्रांतात पडली. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ साली निवडक माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध आंदोलन झाले. नटराजन व तालमुत्तू हे दोन तरुण सत्याग्रही १९३९ मध्ये कारावासाच्या काळात मरण पावले. १९४० साली सक्ती मागे घेण्यात आली. हिंदी सक्तीची आणणारे राजगोपालाचारी पुढे, १९५० च्या दशकात, हिंदीला एकमेव राजभाषा करण्याचे कडवे विरोधक बनले आणि इंग्रजी टिकविण्याची बाजू मांडू लागले.

संविधान सभेतील वाद

संविधान सभेत भाषेचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उपस्थित झाला. १० डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त प्रांताचे सदस्य रघुनाथ विनायक धुळेकर हिंदुस्थानीत बोलू लागले. अनेक सदस्यांना ती कळत नाही असे लक्षात आणून दिल्यावर, ज्यांना ती येत नाही त्यांना सभेत बसण्याचा अधिकारच नाही, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. मराठी आडनावाच्या या झाशीकर सदस्याचे उद्गार दाक्षिणात्य सदस्य दीर्घकाळ विसरले नाहीत. टी. टी. कृष्णमाचारी यांनी पुढे सभेत असा इशारा दिला, की अखंड भारत हवा की हिंदी-भारत, याची निवड उत्तरेकडील मित्रांनीच करावयाची आहे.

फाळणीपर्यंत हिंदुस्थानीच्या बाजूने असलेला कल फाळणीनंतर ओसरला. पुरुषोत्तमदास टंडन, सेठ गोविंद दास आदींचा गट नागरी लिपीतील, संस्कृतोद्भव शब्दसंपदेच्या हिंदीसाठी आग्रही होता. इंग्रजी लवकरात लवकर जावी, असे या गटाचे म्हणणे होते. अहिंदी भाषक सदस्यांनी हिंदीला सरसकट विरोध केलेला नव्हता. त्यांची हरकत घाईला होती, तसेच नागरी अंकांना होती. आज क्षुल्लक वाटणारा अंकांचा वाद त्या वेळी अत्यंत तीव्र झाला. लक्ष्मीकांत मैत्र यांनी संस्कृत ही राजभाषा व्हावी अशी उपसूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचाही तिला पाठिंबा होता.

अखेर के. एम. मुन्शी आणि एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी तयार केलेला तोडगा १४ सप्टेंबर १९४९ रोजी स्वीकारण्यात आला. हा दिवस 'हिंदी दिवस' म्हणून पाळला जातो. राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी, अंक मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातील, इंग्रजी पंधरा वर्षे चालू, त्यानंतरही संसदेला कायद्याने ती चालू ठेवण्याची मुभा आणि न्यायालयांत व कायद्यांच्या अधिकृत पाठात संसद अन्यथा ठरवीपर्यंत इंग्रजी, असे त्याचे स्वरूप होते. तोडग्यातील प्रत्येक कलमाला दुसऱ्या कलमाने मुरड घातलेली दिसते. कोणालाही पूर्ण विजय न देणारी ही रचना होती, आणि निर्णय घेण्याचे काम तिने पुढील पिढीवर सोपविले.

हिंदी केवळ एका मताने जिंकली, अशी एक समजूत प्रचलित आहे. तिचा उगम आंबेडकरांच्या १९५५ सालच्या भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तकात आहे. त्यात त्यांनी ७८ विरुद्ध ७७ असा आकडा दिला आहे, पण तो काँग्रेस पक्षाच्या अंतर्गत बैठकीतील मतदानाचा आहे. संविधान सभेत असे मतदान झाले नाही. तेव्हा 'हिंदी एका मताने राष्ट्रभाषा झाली' हे वाक्य दोन्ही अंगांनी चुकीचे आहे.

पंधरा वर्षांची मुदत

अनुच्छेद ३४४ नुसार पहिला राजभाषा आयोग १९५५ साली नेमण्यात आला. मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १९५६ मध्ये दिलेल्या अहवालात हिंदीचा वापर टप्प्याटप्प्याने वाढविण्याची शिफारस केली. आयोगाचे दोन सदस्य, बंगालचे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी व मद्रासचे पी. सुब्बरायन, यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. अहिंदी भाषक नागरिक या व्यवस्थेत दुय्यम ठरतील, ही त्यांची मुख्य चिंता होती. चटर्जींचे उदाहरण विशेष बोलके आहे, कारण ते पूर्वी हिंदीचे समर्थक होते. गोविंद वल्लभ पंत यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने या अहवालाचा विचार करून अधिक सौम्य भाषेत आपला अहवाल दिला. १९५९ साली लोकसभेत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी, अहिंदी भाषकांची इच्छा असेपर्यंत इंग्रजी ही पर्यायी भाषा म्हणून राहील आणि तो निर्णय हिंदी भाषकांनी नव्हे तर अहिंदी भाषकांनी करावयाचा आहे, असे आश्वासन दिले.

हे आश्वासन कायद्यात उतरविण्यासाठी राजभाषा अधिनियम, १९६३ आला. तथापि इंग्रजीचा वापर हिंदीबरोबर चालू राहू 'शकेल', अशी त्याची शब्दयोजना होती. चालू राहीलच, असे त्यात म्हटलेले नव्हते. द्रविड मुन्नेत्र कळघमचे नेते सी. एन. अण्णादुराई यांनी नेमक्या याच क्रियापदावर बोट ठेवले. मुभा देणारे क्रियापद पुढील सरकार नाकारण्यासाठीही वापरू शकते, हा त्यांचा आक्षेप व्याकरणाचा दिसला तरी राजकारणाचा होता. नेहरूंच्या निधनानंतर त्यांचे तोंडी आश्वासन कितपत टिकेल, ही शंका त्यामुळे बळावली.

जानेवारी १९६४ मध्ये तिरुचिरापल्ली येथे चिन्नसामी या तरुणाने हिंदीच्या विरोधात आत्मदहन केले होते. मुदत संपण्याचा दिवस, २६ जानेवारी १९६५, जवळ आला तसे मद्रास राज्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. द्रमुकने प्रजासत्ताक दिन शोकदिन म्हणून पाळण्याचे ठरविले. २५ जानेवारीला मदुराईत संघर्ष पेटला आणि पुढील काही आठवडे राज्यभर जाळपोळ, गोळीबार व आत्मदहने झाली. मृतांची संख्या सरकारी अंदाजानुसार सुमारे ७० होती. इतर अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. सी. सुब्रमण्यम व ओ. व्ही. अळगेशन या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. ११ फेब्रुवारी रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांनी आकाशवाणीवरून नेहरूंच्या आश्वासनाचा पुनरुच्चार केला. दोन वर्षांनी झालेल्या निवडणुकीत मद्रास राज्यात काँग्रेसचा पराभव झाला, के. कामराज स्वतःच्या मतदारसंघात हरले आणि अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. त्या राज्यात काँग्रेसला त्यानंतर कधीही सत्ता मिळालेली नाही.

याच काळात उत्तरेत राममनोहर लोहिया यांची 'अंग्रेजी हटाओ' चळवळ जोरात होती. तिला केवळ हिंदीचा दुराग्रह समजणे अन्यायाचे होईल. इंग्रजी ही मूठभरांची भाषा असून तिच्यामुळे शेतकऱ्याचे व कारागिराचे मूल शासनापासून दूर राहते, हा लोहियांचा युक्तिवाद होता, आणि तो मराठी वा तमिळ मुलाच्या बाबतीतही तितकाच लागू पडतो. मद्रासचे आंदोलक आणि लोहियावादी दोघेही एकाच भीतीने, आपल्या मुलांच्या नोकरीच्या आणि प्रतिष्ठेच्या चिंतेने, परस्परविरुद्ध मागण्या करीत होते.

१९६७ च्या दुरुस्तीने प्रश्न कायद्यापुरता मिटविला. ज्या राज्यांनी हिंदीला राजभाषा म्हणून स्वीकारलेले नाही, अशा सर्व राज्यांच्या विधानमंडळांनी इंग्रजी बंद करण्याचे ठराव केल्याखेरीज आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तसेच ठराव केल्याखेरीज इंग्रजीचा वापर थांबणार नाही, असे कलम ३(५) मध्ये नमूद झाले. म्हणजे नागालँडसारखे एखादे लहान राज्यही, ज्याची स्वतःची राजभाषा इंग्रजी आहे, हा बदल रोखून धरू शकते. कायदे, नियम, अधिसूचना, करार, निविदा इत्यादी दस्तऐवज दोन्ही भाषांत काढणे बंधनकारक झाले. जानेवारी १९६८ मध्ये संसदेच्या ठरावाद्वारे हिंदीचा विकास, इतर भारतीय भाषांचा विकास आणि शाळांसाठी त्रिभाषा सूत्र यांना मान्यता मिळाली. त्याच महिन्यात मद्रास विधानसभेने त्रिभाषा सूत्र नाकारून तमिळ व इंग्रजी असे द्विभाषा धोरण स्वीकारले. ते आजही चालू आहे.

केंद्रीय कारभारातील प्रत्यक्ष व्यवस्था

राजभाषा नियम, १९७६ नुसार देशाचे तीन विभाग पाडण्यात आले आहेत. 'क' विभागात हिंदी भाषक राज्ये येतात. 'ख' विभागात महाराष्ट्र, गुजरात, पंजाब व काही केंद्रशासित प्रदेश. 'ग' विभागात उरलेली सर्व राज्ये. गोवा 'ग' विभागात आहे. तमिळनाडूला हे नियम लागूच नाहीत. केंद्रीय कार्यालयाने 'ख' विभागातील राज्य शासनाला सामान्यतः हिंदीत पत्र पाठवावे आणि तेथील नागरिकाला हिंदीत किंवा इंग्रजीत, अशी तरतूद आहे. हिंदीत आलेल्या पत्राचे उत्तर हिंदीत देणे बंधनकारक आहे.

मराठी भाषक नागरिकाच्या दृष्टीने या नियमांचा अर्थ असा, की महाराष्ट्रातील केंद्रीय कार्यालयाशी लेखी व्यवहार करताना मराठीला हक्काचे स्थान नाही. अनुच्छेद ३५० मुळे कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, पण उत्तर त्याच भाषेत मिळेल अशी हमी त्या अनुच्छेदात नाही. नामफलकांपुरती स्थिती बरी आहे. अहिंदी राज्यांतील केंद्रीय कार्यालयांवर प्रादेशिक भाषा, हिंदी व इंग्रजी या क्रमाने पाट्या लावाव्यात असे केंद्राचेच आदेश आहेत.

नोकरभरतीच्या परीक्षा हा वादाचा दुसरा भाग आहे. दौलतसिंग कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून केंद्रीय नागरी सेवा परीक्षेची उत्तरे आठव्या अनुसूचीतील भाषांत लिहिण्याची सोय झाली. मराठीतून ही परीक्षा देऊन सेवेत गेलेले अधिकारी आज आहेत. मात्र पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजी याच दोन भाषांत असते. अन्य भाषेत उत्तर लिहिणाऱ्यालाही प्रश्न याच भाषांत वाचावा लागतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई पदाची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत घेतली जाऊ लागली. दोनहून अधिक भाषांत केंद्रीय परीक्षा घेणे अशक्य असल्याचे जे पूर्वी सांगितले जात असे, ते यामुळे निदान अंशतः खोटे ठरले.

कायद्यांच्या अधिकृत पाठासंबंधी एक तरतूद फारशी परिचित नाही. १९७३ च्या एका केंद्रीय अधिनियमानुसार राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला केंद्रीय कायद्याचा प्रादेशिक भाषांतील अनुवाद हा त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जातो. अनेक केंद्रीय कायद्यांचे असे मराठी पाठ उपलब्ध आहेत.

राज्यांच्या राजभाषा

अनुच्छेद ३४५ राज्याला एक वा अधिक भाषा स्वीकारण्याची मोकळीक देतो, आणि अनेक राज्यांनी एकाहून अधिक भाषा स्वीकारल्या आहेत. उत्तर प्रदेशाने १९८९ मध्ये उर्दूला द्वितीय राजभाषा केले. त्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ साली फेटाळले. हिंदी स्वीकारलेल्या राज्याला आणखी भाषा स्वीकारण्यास संविधानाची आडकाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले.

गोव्यातील व्यवस्था या विषयात वेगळी आहे. विलीनीकरणाचा प्रश्न १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने सुटला, भाषेचा सुटला नाही. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, यावर दीर्घकाळ वाद चालला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८५ ते १९८७ या काळात दोन्ही बाजूंची आंदोलने उग्र झाली आणि त्यात जीवितहानीही झाली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने संमत केलेल्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली. त्याच कायद्यात सर्व किंवा कोणत्याही शासकीय प्रयोजनासाठी मराठीचाही वापर करता येईल अशी तरतूद आहे. मराठी तेथे राजभाषा आहे की नाही, याची दोन्ही उत्तरे या शब्दयोजनेतून निघतात. कदाचित म्हणूनच ती संमत होऊ शकली. मराठीला स्पष्ट सहराजभाषेचा दर्जा द्यावा आणि रोमी लिपीतील कोकणीला मान्यता द्यावी, या मागण्या अद्याप कायम आहेत.

महाराष्ट्रात १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. केंद्राशी पत्रव्यवहारासारखी काही 'वर्जित प्रयोजने' १९६६ च्या नियमांनी वगळण्यात आली. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीबरोबर उर्दूत लावलेल्या फलकास आव्हान देण्यात आले होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मराठीसोबत अन्य भाषा वापरण्यास राज्याचा कायदा मनाई करीत नाही, असे सांगून ते आव्हान फेटाळले. त्याच महिन्यात इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला आणि तीव्र विरोधानंतर जूनअखेर मागे घेण्यात आला. हा वाद शालेय शिक्षणाचा होता, राजभाषेचा नव्हे. परंतु दोन्ही बाजूंच्या भाषणांत हिंदी 'राष्ट्रभाषा' आहे की नाही याचीच चर्चा अधिक झाली.

राज्याची राजभाषा एकच मानल्यास अडचण कोणाची होते, याचे मराठी भाषकांना जवळचे उदाहरण बेळगावचे आहे. कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे. स्थानिक लोकसंख्येत १५ टक्के किंवा अधिक अल्पसंख्य भाषक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या अखिल भारतीय योजनेत ठरलेले आहे. त्याआधारे मराठीत कागदपत्रे मिळावीत ही सीमाभागातील मराठी भाषकांची जुनी मागणी आहे. तोच निकष महाराष्ट्रातील कन्नड, तेलुगू, गुजराती वा उर्दू भाषकांनाही लागू होतो.

इतर देशांतील अनुभव

स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच व इटालियन या संघराज्याच्या राजभाषा असून रोमान्श भाषकांशी व्यवहार करताना रोमान्शही राजभाषा ठरते. भाषकांची संख्या अल्प असूनही तिला हे स्थान आहे. बेल्जियममध्ये १९६० च्या दशकात भाषिक सीमारेषा कायद्याने आखण्यात आली. कॅनडाने १९६९ मध्ये इंग्रजी व फ्रेंच यांना समान दर्जा दिला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने ११ राजभाषा मानल्या आणि २०२३ मध्ये सांकेतिक भाषेची भर पडली. प्रत्यक्ष प्रशासनात मात्र इंग्रजीचेच वर्चस्व टिकून आहे. उलट इंडोनेशियाने बहुसंख्याकांची जावानीज बाजूला ठेवून मलायवर आधारलेली एकच भाषा स्वीकारली आणि ती रुजली. ती कोणत्याही मोठ्या गटाची मातृभाषा नव्हती, हे त्याचे एक कारण मानले जाते.

एकाच भाषेच्या आग्रहाचे परिणाम भारताच्या शेजारी अधिक ठळकपणे दिसले. पाकिस्तानात १९४८ साली ढाक्यात महंमद अली जिना यांनी उर्दू हीच राजभाषा राहील असे जाहीर केले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी तेथे बंगालीसाठी निदर्शने करणारे विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. १९५६ च्या संविधानाने उर्दूबरोबर बंगालीलाही स्थान दिले, पण तोवर दुरावा वाढला होता. १९७१ मध्ये बांगलादेश वेगळा झाला. श्रीलंकेने १९५६ मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा केली. तमिळ भाषकांना शासकीय नोकऱ्यांत त्याची झळ बसली. तमिळलाही राजभाषेचा दर्जा १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने मिळाला, तेव्हा यादवी युद्धाला चार वर्षे झाली होती. या दोन्ही देशांत संघर्षाचे कारण केवळ भाषा नव्हते, परंतु १९६५ नंतर भारताने जी माघार घेतली तिचे महत्त्व या तुलनेत कळते.

मतप्रवाह

एकाच राजभाषेच्या बाजूने मांडला जाणारा प्रमुख युक्तिवाद एकात्मतेचा व सुलभतेचा आहे. आंबेडकरांचे मत या संदर्भात आवर्जून उद्धृत केले जाते. भाषावार राज्यांचे ते समर्थक असले, तरी राज्याची राजभाषा प्रादेशिक भाषा असू नये, ती हिंदी असावी आणि देश त्यासाठी सिद्ध होईपर्यंत इंग्रजी असावी, असे त्यांनी १९५५ मध्ये लिहिले. प्रादेशिक भाषा राजभाषा झाल्यास स्वतंत्र राष्ट्रीयत्वाची भावना वाढेल अशी त्यांना भीती होती. प्रत्यक्षात राज्यांनी आपापल्या भाषा स्वीकारल्या आणि ती भीती खरी ठरलेली नाही.

संख्याबळाचा आधारही घेतला जातो. २०११ च्या जनगणनेत ४३.६३ टक्के लोकांची भाषा हिंदी नोंदविली आहे. बंगाली ८.०३ टक्के आणि मराठी ६.८६ टक्के आहे. मात्र हिंदीच्या आकड्यात भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही अशा पन्नासाहून अधिक मातृभाषांचा समावेश आहे. आपली मातृभाषा हिंदी असेच सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३२ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक आहे. बहुसंख्येचा युक्तिवाद मान्य केला तरी हिंदी ही निम्म्याहून अधिक लोकांची भाषा नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांची संख्या तर अवघी २.६ लाख आहे.

हिंदी-इंग्रजी या सध्याच्या द्विभाषिक व्यवस्थेचे समर्थक तिला व्यवहार्य तडजोड मानतात: इंग्रजी कोणाचीच नाही, म्हणून ती सर्वांना सारखीच परकी. हा समतेचा दावा प्रांताप्रांतांपुरता खरा आहे, वर्गावर्गांपुरता नाही. महानगरातील इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला आणि गडचिरोलीच्या आश्रमशाळेत शिकलेल्या मुलाला ती सारखीच परकी नसते.

सर्व अनुसूचित भाषांना संघराज्याच्या राजभाषा कराव्यात, ही तिसरी भूमिका द्रमुकसह अनेक पक्षांनी व भाषिक संघटनांनी वेळोवेळी मांडली आहे. खर्च आणि भाषांतराचा व्याप हा त्यावरचा मुख्य आक्षेप होय. त्यावर युरोपीय संघ २४ राजभाषांत कारभार करतो असे उत्तर दिले जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गोंडी, भिली यांसारख्या लाखो भाषक असलेल्या भाषा आठव्या अनुसूचीतच नाहीत, तेव्हा बावीसवर थांबण्याचा निकष कोणता?

न्यायालयांची भाषा

राजभाषेचा प्रश्न सामान्य नागरिकाला सर्वांत थेट भिडतो तो न्यायालयात. अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. राज्यपाल राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने उच्च न्यायालयात हिंदी किंवा राज्याची भाषा वापरण्यास परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार या चार राज्यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीला अशी परवानगी मिळाली आहे. तमिळनाडू, गुजरात, कर्नाटक, पश्चिम बंगाल व छत्तीसगड यांनी आपापल्या राजभाषेसाठी पाठविलेले प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यानंतर २०१२ मध्ये अमान्य झाले. म्हणजे आजवर ही सवलत मिळालेली एकमेव भाषा हिंदी आहे. न्यायाधीशांच्या आंतरराज्य बदल्या आणि निकालांची देशभरातील एकवाक्यता ही प्रस्तावांविरुद्धची कारणे दुर्लक्षिण्यासारखी नाहीत.

महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली. त्यामुळे एखाद्या फौजदारी खटल्यात साक्षीदार मराठीत बोलतो, पोलिसांचा पंचनामा मराठीत असतो, पण अपील मुंबईत गेले की तीच कागदपत्रे इंग्रजीत भाषांतरित होतात. आरोपीला कोठे दोषी धरले वा सोडले, हे तो स्वतः वाचू शकत नाही. 'सांगणे' आणि 'कबूल करणे' यांतील अंतर भाषांतरात बदलले, तर त्याची दाद मागण्यासाठीही त्याला भाषांतराचाच आधार घ्यावा लागतो.

२०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल भारतीय भाषांत उपलब्ध करण्यास प्रारंभ केला. त्यासाठी 'सुवास' ही संगणकीय भाषांतरप्रणाली वापरली जाते आणि हजारो निकाल मराठीसह अनेक भाषांत संकेतस्थळावर आले आहेत. प्रत्येक भाषांतरित निकालासोबत एक सूचना असते: हे भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत निकाल समजावा एवढ्याच मर्यादित उपयोगासाठी असून, सर्व व्यावहारिक व शासकीय प्रयोजनांसाठी आणि अंमलबजावणीसाठी इंग्रजी निकालच अधिकृत राहील.